आमी कुठंच जात नाही!

आता काय सांगू राजेहो, आपली फजिती आपल्याच तोंडानं किती वेळा सांगावी! पण चहा ठेवलाच हाय चुलीवर, तं आयका.

एक होती बुढी. बुढीले एक लेक, गजानन. गजाननले एक पोरगी, वैष्णवी. अनसिंगच्या अंगाले त्यायचं गाव, अन् त्या गावाले एक लाल गाडी. पुढं काय झालं, की बुढी राह्यली, लेक राह्यला, नात राह्यली, अन् गाडी तेवढी गेली. ते वापस येऊन राह्यलती, तं बुढीनं तिले अर्ध्या रस्त्यातून पळवून लावली! कोण होती ते बुढी? पाहा, सगळे माह्याकडंच पाहून राह्यले. मंग लपवून काय फायदा!

ही गाडी म्हणजे काय होती, ते तुमाले नाही समजणार. तुमी मोटरसायकलवाले. मी त्या गाडीत बसून नवरी होऊन आलती. माहं माहेर किन्हीराजा. पूर्ण रस्ताभर डोक्यावरून पदर, अन् पदराच्या आतून उलट्या! सासू म्हणे, "नवरी लय लाजते बाप्पा." लाजते कशाची, माय!

मले लिहता येत नव्हतं, माह्या मायलेही नाही. मंग मायलेकीनं बोलाव कसं? तं देवराव कंडक्टर होता. माय तिकडून गाडीत डबा ठेवे, वाशिमच्या स्टँडवर तो डबा या गाडीत चढे, अन् निरोप या कंडक्टरच्या तोंडातून त्या कंडक्टरच्या तोंडात. गाडी फाट्यावर थांबली की देवराव दारातूनच वरडे, "ओ किन्हीराजावाली! तुह्या मायनं कुरोड्या धाडल्या! म्हैस व्याली, भाऊ पास झाला, अन् तुले सांगतलं, रडत नको जाऊ!"

साऱ्या गावाले माह्या माहेरची खबर माह्याआधी समजे. सासूसुद्धा म्हणे, "काहून व, तू रडतं का आमच्या इथं?" लाजेनं मरून जावं असं वाटे. पण अजूनही त्या फाट्यावर गेली की मले तो आवाज येते. तेच माही चिठ्ठी होती. मोठ्यानं वाचलेली.

गावाले घड्याळ नव्हतं. सकाळची गाडी आली की पोरं शाळेत, दुपारची आली की भाकरी वावरात, संध्याकाळची आली की सासरा घरात. एकदा गाडी दोन तास लेट आली, तं पूरं गाव दोन तास उपाशी!

मंग रस्ता फुटला, गाडी बंद झाली. आज येईन, उद्या येईन करता करता वर्षं गेली. गाडी गेली तसं गावही हळूहळू उतरत गेलं. पोरं पुण्याले कामाले गेली, ते तिकडंच राह्यली. सोयरीक पाहाले पाव्हणे येत, तं पोराचं शिक्षण राह्यलं बाजूले, पह्यले विचारत, "गाडी येते का गावात?" नाही म्हटलं की चहा पिऊन वापस. पोरं तिशीले आली राजेहो, बाशिंगाची वाट पाहात!

अन् यंदा माही वैष्णवी दहावी पास झाली. साध्यासुध्या नाही, चांगल्या मार्कानं! कॉलेज वाशिमले. गजानन म्हणे, "माय, जाईन कशी? ऑटोत बारा माणसं कोंबतात, तेही भरला तं येते, नाही तं नाही. गाडी सुरू झाली तं कॉलेज. नाही झाली तं घरी बसून शिवणकाम शिकीन."

पोरीनं कागद घेतला अन् अर्ज लिहाले बसली. एका गावाचं कोण आयकते? म्हणून आजूबाजूची धा गावं जमवली. बाया जमवल्या, सरपंच जमवले. रस्ता आता डांबरी झाला, निधी आला की आमच्या भागाले गाडी द्या, शेड द्या, गावं राह्यण्याजोगी ठेवा, असं सारं लिहलं. पह्यला अंगठा माहा! एसटीच्या साहेबानं सांगतलं, "आमचा माणूस गावोगावी येईल. लोक कुठं जातात, किती वेळा जातात, लिहून घेईल. जिथं प्रवासी, तिथं गाडी."

आता चुकी कुठं झाली ते पाहा. आमाले वाटलं, साहेबाचा माणूस म्हणजे जीपमधून येईन, मांगं चार लोक राहातीन, सरपंच पुढं पळीन. आमी रोज जीपची वाट पाहून राह्यलो. हारसुद्धा सांगून ठेवला!

अन् आला कोण? भर दुपारी, फटफटीवर, एकलाच, खांद्यावर थैली. गजानन वावरात, वैष्णवी अनसिंगले दाखला आणाले गेलेली. मी ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसली होती.

"आजी, घरात माणसं किती?"

झालं! थैलीवाला माणूस अन् पह्यला सवाल घरात किती माणसं. आमच्या गावात बारक्या लेकराले सुद्धा माहीत हाय, असा माणूस आला की काय करायचं. मांगच्या वक्ताले घरकुलाची यादी कराले असाच एक आलता. धुरपतानं, म्हणजे माही शेजारीण, त्याले पंख्याखाली बसवलं, दुधाचा चहा पाजला. यादी लागली, तं धुरपताचं नावच नाही! तवापासून गावाचा नेम ठरला. थैली दिसली की आपण गरीब.

म्या त्याले म्हटलं, "बसा बाप्पा, पाणी आणतो," अन् मांगच्या भिंतीवरून तोंड काढलं.

"धुरपते! थैलीवाला आला व!"

"कुठी हाय?"

"माह्या ओट्यावर! पंख्यावर गोधडी टाक, अन् पुढच्या घरी सांग!"

दहा मिनिटांत ही खबर गावाच्या शेवटच्या घरी पोचली. देवरावची गाडीही एवढ्या जल्दी नव्हती जात. टीव्हीवर चादरी पडल्या. सरपंचाच्या भावानं आपली नवी मोटरसायकल कुटाराच्या ढिगात लोटली. म्या माही म्हैस गोठ्याच्या मांगं बांधली, अन् त्याच्यापुढं कोरा चहा नेऊन ठेवला.

"आजी, बाजाराला कुठं जाता?"

"बाजार? आमी कायचा बाजार करतो बाप्पा! मीठ-भाकर खातो."

"मीठ कुठून आणता?"

आता हा सवाल होय का? म्या म्हटलं, "मांगून आणतो."

"दवाखान्यात जावं लागत असेल ना?"

"आमी बिमारच नाही पडत."

"एकदाही नाही?"

"बिमार पडाले खावं लागते बाप्पा."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. माह्या पायाले पट्टी होती, वाशिमच्या दवाखान्याची, पांढरीधोप. म्या हळूच लुगड्यात घेतली.

"माहेरी जाता की नाही?"

किन्हीराजाचं घर डोळ्यापुढं आलं. पण घरकुलापुढं माहेर काय करते! "माहेरच नाही मले," म्या म्हटलं.

"मग ही वाशिमच्या दुकानाची पिशवी?" खुंटीवर टांगलेली होती मेली!

"ते? ते वाऱ्यानं उडत आली."

"वाशिमहून?"

"वारा लय असते इकडं."

तेवढ्यात मांगून म्हैस हंबरली. तो थांबला. मीबी थांबली. म्हैस अजून एकदा हंबरली.

"गावची हाय," म्या म्हटलं.

तो बिचारा लिहत राह्यला. माह्याकडून धुरपताकडं, धुरपताकडून पुढं, साऱ्या गल्लीनं त्याले एकच सांगतलं, "आमी कुठंच जात नाही." धुरपता तं म्हणे, "मी लग्न होऊन आली ते आलीच, अजून फाटासुद्धा नाही पाह्यला!" खोटं बोलावं तं किती! पण तवा मले तिचं कौतुकच वाटलं.

दिवस मावळायच्या आधी वैष्णवी आली. म्या मोठ्या शानीनं सांगतलं, "घरकुलवाला येऊन गेला. अशी गरिबी दाखवली, अशी दाखवली, की आता यादीत पह्यलं नाव आपलंच!"

तिनं ओट्यावरचा कागद उचलला. तो माणूस जाताना ठेवून गेलता, अन् म्या त्याच्यावर डाळ वाळत घातलती. तिनं डाळ झटकली, वाचलं, अन् तिथंच खाली बसली.

"आजी, घरकुलवाला नव्हता तो. गाडीवाला होता."

"कोणती गाडी?"

"आपली."

मंग गजानन आला, त्यानं आयकलं. माह्यावर वरडला असता तं बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणे, "माय, काय केलं हे तू!" वैष्णवीनं कॉलेजचा फॉर्म घडी करून पेटीत टाकला अन् माह्यापुढं भाकर आणून ठेवली. म्या ते तशीच झाकून ठेवली.

चार दिवसांनी अनसिंगले धाही गावांची बैठक होती. गजानन म्हणे, "आता जाऊन करायचं काय?" म्या म्हटलं, "मी जातो. जिनं पाडलं, ते उचलीन." तिघंही गेलो, संगं गावच्या बायाही, त्याच बारा माणसाच्या ऑटोत.

साहेब एकेका गावाचं वाचू लागला. या गावाचे इतके लोक जातात, त्या गावाचे तितके. आमचं गाव आलं. साहेबानं चष्मा पुसला, अजून एकदा पाह्यलं अन् वाचलं, "प्रवासी नाहीत. या गावातले लोक गावाबाहेर जात नाहीत. आजारी पडत नाहीत. सामान वाऱ्याने येते."

पूरी सभा हासली! मांगून एक जण म्हणे, "अरे, मंग या लोकायले इथं कोणी आणलं? वाऱ्यानंच का?"

मी उठून उभी राह्यली. म्हटलं, "साहेब, आमी खोटं बोललो."

"का आजी?"

"तुमच्या माणसाजवळ थैली होती."

सभा अजून हासली. पण माह्या गावच्या बाया नाही हासल्या. त्यायले सारं समजलं होतं.

"खरं काय ते मंग मीच सांगतो," म्या म्हटलं. "सोमवारी धुरपताची सून, पोटुशी, ऑटोत उभी राहून वाशिमच्या दवाखान्यात. मंगळवारी रामा अन् त्याची बायको डोळे दाखवाले. बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सात बाया, वरच्या गल्लीतल्या चार, अन् पाटलाची बुढी, तिले मोजू नका, ते निस्ती हिंडाले जाते." असं करत करत म्या महिन्याभराचं सांगतलं. घराघराचं. कोण गेलं, कायले गेलं, किती वाजता वापस आलं.

साहेब म्हणे, "आजी, हे लिहून आणलंय का कुठं?"

"लिहता आलं असतं साहेब, तं त्या दिवशी तुमच्या माणसाचा कागद वाचला नसता का म्या? त्याच्यावर डाळ वाळवली!" म्या वैष्णवीले हाताले धरून पुढं केलं. "मी नाही शिकली, म्हणून गावाची गाडी गेली. ही माही नात. हिलेही घरी बसवलं, तं उद्या हिच्या हातानंबी असंच काही होईन. गाडी माह्यासाठी नका देऊ. हिच्यासाठी द्या."

कोपऱ्यात तो थैलीवाला बसला होता. तो उठला अन् म्हणे, "सर, मला त्याच दिवशी शंका आली होती. त्या गावात फक्त म्हैस खरं बोलली."

साहेबच हासला पह्यला! म्हणे, "ठीक आहे, पंधरा दिवस गाडी सोडून पाहू. लोक बसले तर राहील."

पह्यल्या दिवशी फाट्यावर पूरं गाव! जो हार जीपसाठी सांगतला होता, तो गाडीले घातला. धुरपतानं ओवाळलं. गजाननचा चेहरा कितीतरी दिवसांनी उघडला होता. वैष्णवी खिडकीपाशी बसली, मांडीवर कॉलेजची बॅग. तो पेटीतला फॉर्म आता कॉलेजात पोचला होता. मी तिच्या बाजूनं बसली. गाडी सुरू झाली. तोच आवाज, तोच डिझेलचा वास. मले वाटलं, आता दारातून कोणी वरडीन, "ओ किन्हीराजावाली!" अन् डोळे भरून आले. पुढं काही दिसेचना.

तेवढ्यात कोणीतरी समोर येऊन उभं राह्यलं. डोळ्यात पाणी, दिसते फक्त एक थैली, खांद्यावरून लटकलेली. अन् आवाज आला, "आजी, कुठं जायचं?"

अन् माह्या तोंडातून निघून गेलं ना राजेहो, "कुठंच नाही बाप्पा! आमी कुठं जातो!"

गाडी अशी हासली, की ड्रायव्हरनं बिरेक लावला. वैष्णवीनं बॅगेत तोंड खुपसलं. कंडक्टर पोरगी होती, वैष्णवीपेक्षा थोडीशीच मोठी. ते तिकीट देता देता हासे, हासता हासता तिकीट देऊन राह्यली होती.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, गाडी काही बंद झाली नाही. वैष्णवी रोज कॉलेजले जाते. मांगच्या आठवड्यात पाव्हणेही आले, गाडीतूनच उतरले, अन् चहा पिऊन वापस नाही गेले, जेवून गेले.

मीबी जातो बाजाराच्या दिवशी. पण ते कंडक्टरपोरगी आता मले विचारतच नाही कुठं जायचं म्हणून. मी चढली की पूऱ्या गाडीले आयकू जाईन असं वरडते, "सरका हो, जागा द्या! कुठंच नाहीवाल्या आजी चढल्या!"