पैलवानाचं काळीज

आमची बटालियन उत्तरेकडच्या बर्फाळ पोस्टवर गेली, तेव्हा मी नर्सिंग असिस्टंट होतो. माझं गाव रहिमतपूर. लान्स नायक संपत तासगावकडचा, वस्तादाचा मुलगा आणि स्वतःही पैलवान. वडिलांना तो तात्या म्हणायचा. मी साताऱ्याचा म्हणून तो मला कंदीपेढा म्हणायचा. तो सांगलीकडचा म्हणून मी त्याला भडंग म्हणायचो. दोघांची खरी नावं पोस्टवर कुणी फारशी घेत नसे.

दिनक्रम ठरलेला. पहारा द्यायचा, बर्फ उपसायचं, तेच वितळवून पाणी करायचं. बंकरमध्ये ऊब फक्त बुखारीची. बुखारी म्हणजे रॉकेलवर जळणारी लोखंडी शेगडी. तिचा धूर पाइपातून बाहेर जातो. पाइपाचं तोंड मोकळं ठेवणं हा पोस्टचा पहिला नियम होता, आणि आम्ही तो पाळत होतो.

त्या सकाळी वादळ थांबलं. पहाऱ्यावरून आलेला संपत बंकरमध्ये झोपला, बाकीचे बर्फ उपसायला गेले. तेवढ्यात वरच्या उतारावरून बर्फ घसरलं आणि पाइपाचं तोंड बुजलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी चहा घेऊन आत गेलो, तर संपत हाकेला ओ देईना. बुखारी जळत होती. आत ना वास, ना धूर. साप निदान फुत्कारतो तरी, बुखारीतून कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड वायू तेवढंही करत नाही. मी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं आणि ऑक्सिजन लावला.

हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. हात थकले तर विसावा घेतात, हृदयाला ती सोय नाही. त्याला प्रत्येक ठोक्याला ऑक्सिजन लागतो. तो तुटला की हृदयाचा स्नायू उपाशी राहतो आणि दुखावतो. माणूस शुद्धीवर येतो, हसतो, बोलतो, पण आतली इजा तशीच असते.

दुपारी संपत बोलू लागला. डोकं ठणकत होतं, छाती भरून आली होती. नाडी मधेच ठोका चुकवत होती. मी रेडिओवर डॉक्टरसाहेबांना कळवलं.

"पेशंट लेटा रहे. दिल पर ज़ोर नहीं पड़ना चाहिए. ओव्हर."

"हेलिकॉप्टर, साब? ओव्हर."

"मौसम खुलते ही. आउट."

ढग पार खाली उतरले होते. हेलिकॉप्टर येईपर्यंत संपतला आडवा ठेवायचा, एवढंच माझं काम होतं.

"गड्या, उठू नगंस. काळजाला मार बसलाय तुझ्या."

"पैलवानाच्या काळजाला? जा रं कंदीपेढ्या!"

दुसऱ्या सकाळी त्याचं डोकं ठणकायचं थांबलं. त्यानं चहा मागितला, बिस्किटं खाल्ली, माझ्या मिशीची टिंगल केली. मला लय बरं वाटलं. मग रेडिओ सेटवर बोलावणं आलं. ढग फाटत होते, हेलिकॉप्टर निघत होतं. ते सांगायला मी धावत परत आलो, तर गडी बैठका मारत होता.

"संपत! आडवा हो आधी!"

"अंग लय जड झालंय रं. तात्या म्हनत्यात, जड अंगाला बैठका..."

खाली बसला तो वर आलाच नाही. बाजूला कलंडला.

मी त्याची छाती दाबत राहिलो. शेवटी कंपनी कमांडर साहेबांनी माझे हात धरले आणि म्हणाले, "बस." हेलिकॉप्टर आलं ते त्याला न्यायलाच, पण तिरंग्यात.

मला त्याचा अजून राग येतो. तासभर पडून राहिला असता, तर काय बिघडलं असतं? मग वाटतं, हे भांडायला तरी तो समोर हवा होता. आता मी पेन्शनीवर आहे. थंडीत महाबळेश्वरला गेलो, की बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांना दरडावतो. म्हातारा खुळावला म्हणतात. म्हणू देत.

दरवर्षी यात्रेच्या आधी मी संपतच्या गावी जातो. तात्या अजून तालमीत येतात. यंदा मी गेलो तेव्हा एक थोराड पैलवान तापातून उठून आला होता. अंग जड झालंय म्हणाला आणि बैठका घालायला उभा राहिला. तात्यांची काठी आडवी आली.

"खाली बस. दम खा."

"वस्ताद, तुमीच तर म्हनायचा..."

"म्हनत हुतो. आता न्हाई म्हनत."

पैलवान बसला. तात्यांनी काठीनं तांबडी माती सारखी केली. मग हळूच मला म्हणाले, "तू त्येला पडून ऱ्हा म्हनला असशील."

"व्हय तात्या. लय येळा."

"तुझी चूक न्हाई लेकरा. दम खायचं मीच कवा शिकवलं न्हाई त्येला."