बिनलग्नाची आमराई

भागरताबाई हातात आंबा द्यायच्या आणि आपण तो खात असताना समोर बसून आपल्या तोंडाकडे टक लावून पाहायच्या. कोंढ्याच्या शाळेत मी नव्याने रुजू झाले, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात माझी ही परीक्षा झाली. खाताना कुणी डोळे मिटले की ते झाड ‘गुळ्या’. जिभेवर चव घोळवत राहिला की ‘खोबऱ्या’. माझी नेमकी दाढ ठणकत होती. मी कळवळले आणि बाईंनी त्या झाडाचं नाव ‘आंबट्या’ ठेवून टाकलं. आंबा चांगला गोड होता, हे मी मागाहून कितीदा तरी सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, “तोंड खोटं बोलते बाई, चेहरा नाई बोलत.”

“मग तुम्हीच चाखून बघा ना,” मी एकदा वैतागून म्हटलं.

“मले चालत नाई. माया झाडाचं लगन नाई झालं ना,” त्या म्हणाल्या.

मी खोली घेतली होती ती त्यांच्या जावेकडे, गोदाबाईंकडे. उलगडा त्यांनी केला. त्यांच्या घराण्यात जुनी रीत होती, की ज्याने आंबा लावला त्याने झाडाचं लग्न लावल्याशिवाय त्याचं फळ तोंडात घालायचं नाही. बाकी गावाने खुशाल खावं, लावणाऱ्याला मात्र बंदी. आमराईतलं एक झाड सगळ्यांच्या वतीने नवरदेव आणि शेजारी लावलेली जाईची वेल नवरी. पण नवरदेवाचे आईबाप म्हणून पाटावर जोडप्याने बसावं लागे, आणि भागरताबाईंचा नवरा नागपूरला गिरणीत लागून तिथेच दुसरा संसार थाटून बसला होता. कपाळाला कुंकू होतं, घरात नवरा नव्हता. दीर-जाऊ पाटावर बसायला एका पायावर तयार होते. पण मग झाडांचे आईबाप ते ठरले असते. बाईंना ते कबूल नव्हतं.

ही झाडं त्यांनी नवरा गेल्यानंतर लावली होती. कोया पुरल्या, भोवती बोराटीचे काटे रचले आणि बोडीतून, म्हणजे शेतातल्या लहानशा तळ्यातून, डोक्यावर घागरी आणून रोपं जगवली. बोडी आटली की गावच्या विहिरीवरून. पाणी बुडाशी न घालता हातभर लांब ओतायच्या. “आयतं भेटलं तं मूर आडशी होते. त्याले शोधू द्यावं,” असं मुळांबद्दल त्या मला समजावत.

त्यांच्या कैऱ्यांचं लोणचं घरोघरी मुरायचं, त्यांच्या झाडांच्या डहाळ्या गावातल्या प्रत्येक मांडवाला लागायच्या, वाळवलेल्या आमचुराचे वाटे शेजारीपाजारी जायचे. स्वतःच्या वरणात मात्र बाई चिंच टाकायच्या. मला या रीतीचा भयंकर संताप यायचा. “खा एखादा, कोण बघतंय?” मी म्हणे. “लोकाईले नाई दिसत, पन मले तं दिसते ना,” असं म्हणून त्या टोपली उचलत.

ऐंशीनंतरच्या एका वैशाखात नवरा परत आला. गिरणीची नोकरी सुटली होती, दुसरी बाईही सोडून गेली होती. बाजारातून यावं तसा तो पिशवी घेऊन ओसरीवर येऊन बसला. गोदाबाईंनी लगेच झाडाच्या लग्नाचं मनावर घेतलं. मला वाटलं भागरताबाई नाही म्हणतील, पण त्यांनी होकार दिला. नवं लुगडं काढलं, दोन दिवस नुसत्या हसत फिरत होत्या. मला म्हणाल्या, “पयला आंबट्याचाच खाईन. पाहू, तुमी खरं बोलता का.”

झाडाला हळद लागली, मुंडावळ्या बांधल्या. दोघं पाटावर बसली, उपरण्याला पदराची गाठ मारली. लग्न लावणाऱ्या महाराजांनी विचारलं, “नवरदेव कोणाचा?”

“माया पोरगा हाये,” नवरा म्हणाला. आवाज चांगला खणखणीत होता.

भागरताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून पदराची गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला.

“याले बाप नाई,” त्या म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या. चार-सहा दिवस भावाकडे जेवून नवरा परत नागपूरला गेला.

नंतर मी त्यांना म्हटलं, “आता कशाला पाळता ती रीत? खाऊन टाका.”

“त्याची गोस्ट येगरी, झाडाची येगरी. झाडाले मी सबूद देल्ला हाये.” मग म्हणाल्या, “जेठात वास सुटते, तवा लय वाटते बाई. पन त्याच्या बाजूले बसून खाल्ला असता, तं पोटात राह्यला नसता.”

मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. भर मांडवात नवऱ्याला नाही म्हणणारी ही बाई एका आंब्याला हो म्हणू शकत नव्हती. पुढे माझी बदली झाली, आणि एका उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं. मी गोदाबाईंना भेटायला गेले तेव्हा त्या ओसरीवर कैऱ्या चिरत होत्या.

“जाचे दिवशी मी चमच्यात आंब्याचा रस घेतला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, घे वो माय, आता कायची रीत? तिनं व्होट गच्च मिटून घेतले.”

“गिळता येत नसेल त्यांना,” मी म्हटलं.

गोदाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

“मंग पानी देल्लं ना. ते घटाघटा पेली.”