कोरड्या तळ्यातलं धुणं

आधीच सांगून टाकते, मी काळजीखोर बाई आहे. गॅस बंद केला का हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारी. त्यामुळे सुजाताचा फोन आला तेव्हा मनात नाही नाही ते आलंच. ही मुलगी आमच्या वरच्या खोलीत राहून कॉलेज शिकली आणि देवगाव रंगारीजवळच्या आपल्या गावी परत गेली. तिथल्या पोरापोरींना जमवून तिनं गुरांचं जुनं तळं उपसायला घेतलं होतं. फोनवर एवढंच म्हणाली, "काकू, आमच्या हातून तळ्याचं बूड फुटलंय. परवा सकाळी गावाला सांगायचंय. येता का?"

"तू जाऊन काय करणार, बूच लावणार?" असं आमच्या घरच्यांनी विचारलं आणि विचारता विचारता पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी निघाले. मध्यवर्ती बसस्थानकातून सकाळची एसटी धरा, उन्हाच्या आत पोहोचता. बायकांना अर्धं तिकीट आहे. शहर संपता संपत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा जिथे ज्वारी उभी असायची, तिथे आता प्लॉटिंगच्या कमानी आहेत आणि कमानीखाली पाण्याचे टँकर रांगेत. दौलताबादचा किल्ला, वेरूळ, कसाबखेडा फाटा मागे पडला की दोन्ही बाजूंनी नुसती करपलेली रानं दिसू लागतात. शेजारच्या आजोबांनी कुठं निघालात विचारलं. पोरं तळं उपसताहेत ते बघायला, म्हटलं. "पोरं व्हय? मग बघून घ्या बिगी बिगी," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. माझी काळजी आणखी वाढली.

देवगावला उतरल्यावर स्टँडसमोर खिचडी-भजे खा. स्वस्त आहे आणि पोटाला आधार होतो. तिथून गावापर्यंत जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. गावाचं नाव लिहीत नाही, पोरांनी तसं बजावलंय.

सुजाता मला थेट तळ्यावरच घेऊन गेली. घोटाळा असा होता. शहरातल्या कुणा भल्या माणसानं त्यांना खोदाईचं मशीन पाठवलं, डिझेलसकट. वरचा काळा गाळ निघाला, शेतकऱ्यांनी तो फुकट आणि आनंदानं शेतात नेला. ठरलेलं काम संपलं तरी मशीन अजून गावातच होतं. जितकं खोल तितकं जास्त पाणी, असं पोरांना वाटलं, आणि त्यांनी आणखी खाली न्यायला लावलं. तळाची चिकण माती खरवडली गेली आणि मधोमध पांढरट मुरूम उघडा पडला. तिथे सुजातानं बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं. चाळणीत ओतावं तसं ते गेलं. पाऊस झाला तरी इथे पाणी टिकणार नव्हतं, आणि गावच्या गुरांना दुसरं तळं नव्हतं.

जेवायला तिच्या आईनं भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. सुजातानं भाकरीचा तुकडा नुसता मोडून ठेवला. तळं पुन्हा करता येईल, म्हणाली, पण उद्या लोक बिथरले तर तिच्या सोबतची पोरं कुदळ टाकतील आणि पुन्हा कुणी तरुण पोर गावाचं काम अंगावर घेणार नाही. मी तिला समजावत होते आणि मनातून मलाही तीच धास्ती होती.

सकाळी पारावर गाव जमलं. सुजाता उभी राहिली. ओढणी कमरेला खोचून म्हणाली,

"चूक आमची हाय. तुमच्या गुरांचं तळं आम्ही फोडलं. आता गाळ परत पायजे, तो भिजवायला पाणी पायजे, अन् तुडवायला म्हशी. म्हंजी बूड पुन्हा घट्ट बसंल, पाणी झिरपणार नाय."

गाळाच्या नावानं कुरकुर झाली. तो शेतात पसरून झालेला, गोळा कसा करायचा? पण खरी अडचण पाण्याची होती. गावात टँकर दिवसाआड येतो. तंटा मिटवण्यात ज्यांचा शब्द चालतो ते जगनकाका म्हणाले, "प्यायला नाय अन् मातीत वतायला मागती. पोरांच्या नादी लागून गावाचं वाटोळं व्हायचं."

मला राहवेना. शहरातून एखादा टँकर पाठवते, असं सांगायला मी उठलेच होते. सुजातानं माझ्याकडे फक्त पाहिलं. मी खाली बसले. त्या दोन-चार मिनिटांत मला जितका घाम फुटला तितका आख्ख्या प्रवासात फुटला नव्हता.

मग मागून एका बाईनं विचारलं, "धुण्याचं पाणी चालंल का गं?"

"चालंल की मावशी."

"मंग तसं सांग ना. धुणं तर धुवावंच लागतं."

पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं म्हणून लिहिते आहे. बांधावर शिल्लक राहिलेले गाळाचे ढीग बैलगाड्यांतून परत आले. पोरांनी ते मुरुमावर अंथरले. दुसऱ्या दिवशी टँकर येऊन गेल्यावर गावच्या बाया घागरी आणि धुण्याची बोचकी घेऊन थेट तळ्यात उतरल्या. कोरड्या तळ्यात धुणं सुरू झालं. कुणी पोरांना अंघोळी घातल्या, कुणी भांडी घासली. साबण बेतानं लावा, असं सुजाता ओरडून सांगत होती आणि बाया तिची टिंगल करत होत्या. ओल्या गाळात म्हशी फिरवल्या. जगनकाका काठावर उभे राहून लई चुका काढत होते, पण त्यांच्याच दोन म्हशी सगळ्यांत पुढे होत्या. मीही माझी साडी तिथेच धुतली.

निघायच्या दिवशी तुडवलेल्या जागी एक खळगा करून त्यात पाणी भरलं आणि किती उतरतं ते कळावं म्हणून कडेला काडी रोवली. ते टिकतं का, हे कळायच्या आत माझी एसटी होती. परतताना सारखी आभाळाकडे बघत होते. ढगाचा पत्ता नव्हता.

घरी आले तर समोरच्या नव्या इमारतीचा पाया खणून झालेला. खड्ड्यात लागलेलं पाणी पंप लावून रस्त्यावर सोडलं होतं आणि आमच्या नळाला पाणी यायची अजून पाळी नव्हती. मला संताप आला. तशीच सुजाताला फोन लावला. पाणी राहिलं का, एवढंच विचारलं.

"थोडं उतरलं काकू. पण हाय. सकाळी चिमण्या पीत होत्या." मग म्हणाली, "पारावर तुम्ही उठला ना, तवा मला लई भ्या वाटलं."

मी विचारलं, का गं?

"तुम्ही बोलला असता तर पाणी आलं असतं. पण पुढल्या टायमाला गाव तुमचीच वाट बघत बसलं असतं."

तुम्हाला कुणी अशा कामाला बोलावलं तर जरूर जा. पाणी, टोपी, जुन्या चपला न्या. माझं म्हणाल तर पाऊस अजून आलेला नाही आणि काळजीही गेलेली नाही. रोज सकाळी फोन हातात घेते, टँकर पाठवू का विचारावंसं वाटतं. मग फोन खाली ठेवते आणि धुणं भिजत घालते.