हायेस का?

लंकाबाईला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. सातपूरच्या एका मेसमध्ये ती पोळ्या लाटायची, आणि तिने भाजीवाल्याशी घासाघीस केली की पलीकडच्या गल्लीलाही भाव कळायचा. लेक स्नेहल, तिचाही गळा तसाच. खाण तशी माती. शाळेतून येताना पोरगी कोपऱ्यावरूनच आरोळी ठोकायची, "ए आये, हायेस का?" आणि लंकाबाई हातातलं लाटणं न थांबवता ओरडायची, "हाय, हाय! मरते कुठं?"

शेजारची सगुणाबाई कानांवर हात ठेवायची. पण या मायलेकींचा रामराम हाच होता. बाप गेला त्या वर्षी पोर हे खरोखरच विचारायची. बाप नाही, आता आईही नसली तर? पुढे भीती गेली, शब्द तेवढे राहिले.

स्नेहलचं लग्न देवळाली कॅम्पातल्या शेखरशी झालं. कचेरीत नोकरी, स्वतःचं घर, दारात फाटक. लंकाबाईने मेसभर पेढे वाटले. सुरुवातीला लेकीचा फोन यायचा तोही तसाच, "ए आये, हायेस का?" लंकाबाई पिठाच्या हातानेच फोन धरायची आणि मेसमधली पोरं हसायची.

मग एके दिवशी फोनवर आवाज आला, "अहो आई, कशा आहात?"

लंकाबाई खो खो हसली. "अगं ये बया, सासू समजली का काय मला?"

पलीकडे हसू नाही. "नाही हो. बऱ्या आहात ना? ठेवते मी."

"वळण लागलं म्हणायचं पोरीला," सगुणाबाई म्हणाली. "चांगल्या घरात पडली तुझी लेक. तू मात्र राह्यली तशीच भोंगा."

लंकाबाईने मान डोलावली. वळण लागलं तर वाईट काय? पण त्या दिवशी तिच्या पोळ्या तव्यावर करपल्या. सासूला 'अहो आई' म्हणतात. जन्मदात्या आईला कोण म्हणतं? पुढच्या वेळी तिनेच विचारलं, "स्नेहे, हायेस का गं?" पलीकडे कोणीतरी अगदी फोनजवळ खाकरलं, आणि लेक म्हणाली, "हो, आहे. काळजी करू नका." त्यानंतर फोन जावईच उचलू लागला. ती कामात आहे, ती झोपली आहे, ती देवळात गेली आहे. दिवसाउजेडी एवढी कसली झोप? मेसला सुट्टी टाकून लंकाबाईने देवळालीची बस पकडली.

दार विहीणबाईंनी उघडलं. "चपला बाहेरच हं, फरशी पुसलीय." लंकाबाईने चपला पायरीवर ठेवल्या आणि पदराने तळवेही पुसले. लेकीच्या सासरी आईने मान खालीच घालून जायचं असतं.

स्नेहल पाणी घेऊन आली. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. वाळली होती पोरगी. "घ्या," ती म्हणाली. डोळे तांब्यावर.

"जेवली का गं?" लंकाबाईने विचारलं.

स्नेहलने आधी सासूकडे पाहिलं, मग म्हणाली, "हो. तुम्ही जेवलात?"

"बघा," विहीणबाई समाधानाने म्हणाल्या, "आली तेव्हा केवढी ओरडायची! आम्हाला घरात आवाज चालत नाही. शेखरने मनावर घेतलं, आता कशी गाईसारखी झालीय."

लंकाबाईने पेला तसाच खाली ठेवला. मनावर घेतलं म्हणजे काय केलं, हे तिला त्या लांब बाह्या सांगत होत्या. पण विचारायचं कोणत्या तोंडाने? आपण विचारून निघून जाऊ, मागे दार लागेल, मग पोरीचं काय होईल? ती उठली. "येते मग मी."

"या," विहीणबाई म्हणाल्या. स्नेहल पेला उचलून आत गेली.

लंकाबाईने चपला घातल्या. फाटकापर्यंत आली. कडीला हात लावला आणि तिथेच थांबली. पोरीला माहेरी नेते म्हणावं, तर पोरीच्या तोंडून एक शब्द हवा होता. तो कसा काढायचा, ते तिला एकाच रीतीने येत होतं. तिने मागे वळून, सारी आळी ऐकेल अशी आरोळी ठोकली.

"ए स्नेहे! हायेस का गं?"

शेजारची खिडकी उघडली. विहीणबाई दारात आल्या, "अहो, हे काय..." एवढंच त्यांना बोलता आलं.

कारण आतून, स्वयंपाकघरातून, तोच जुना गळा फुटून बाहेर आला. "नाय गं आये! मी नाय राह्यले!"

लंकाबाई वळली आणि विहीणबाईंना बाजूला सारून पुसलेल्या फरशीवरून चपलांसकट आत गेली.