मास्तरांची लय कॉम्प्युटरात

बँडवाल्यांच्यात ऊठबस असली की किस्से आपोआप साठत जातात, घरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. त्यातले दस्तगीर मास्तरांचे तेवढे आज सांगतो.

दोन हजार सालच्या आसपास कोल्हापुरात माझं एका खोलीचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. रिक्षावरच्या जाहिराती, गॅदरिंगची गाणी, असलं काम. कॉम्प्युटरवर स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर होतं. सूर लिहायचे, टेम्पो द्यायचा, की ते वाजवून दाखवायचं. हे कळल्यावर मास्तर कण्हत जिना चढून आले. मास्तर म्हणजे आमच्या भागातल्या ब्रास बँडचे मालक. गुडघे गेलेले. डॉक्टरांनी वरातीत चालायला बंदी केली होती, आणि मास्तर पुढं नसले की पोरं गाणं पळवायची. वऱ्हाडाला धाप लागायची. सुपाऱ्या तुटायला लागल्या होत्या.

"माझी लय ह्यात घालून ठेव," मास्तर म्हणाले. "पोरं कॅसेट ऐकून बसवतील. बँड मोडला तर घरात बसून मी करू काय?"

* * *

मी विचारलं, "टेम्पो किती ठेवू? मिनिटाला शंभर ठोके?"

"घोडा भाड्याचा हाय का घरचा?"

"त्याचा काय संबंध?"

"भाड्याचा असला तर फास्ट. त्याला फुडं दुसरं लगीन असतंय."

सॉफ्टवेअरमध्ये घोड्याचा रकाना नव्हता. मी शंभर टाकून मोकळा झालो.

* * *

मग 'फील' आला. ठोके नुसते सारखे पडले तर मास्तरांना चालेना. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये स्विंग नावाची सोय असते. ती वाढवली की जोडीतला पहिला सूर लांबतो, दुसरा आखडतो आणि गाण्याला झोका येतो. मी वाढवली.

"हे पिऊन चाललंय."

कमी केली.

"आता हवालदार निघाला ड्यूटीवर."

कंटाळून मधेच कुठंतरी आणून ठेवली. मास्तर बराच वेळ ऐकत बसले. "हां. हा नवऱ्याचा मामा. ऱ्हाऊ दे."

* * *

मास्तर सकाळी यायचे तेव्हा टेम्पो त्यांना हळू वाटायचा. "मशीन झोपलंय तुझं." दुपारी मटण-भाकरी खाऊन आले की तोच टेम्पो फास्ट. "आता तापलंय बघ." मी दोन्ही वेळा माऊस हलवल्यासारखं करायचो. बदलत काहीच नव्हतो.

"आता कसं," मास्तर म्हणायचे.

* * *

कॅसेट पोरांना दिली. गाणं सुरू व्हायच्या आधी सॉफ्टवेअर चारदा टिकटिक करतं, लय कळावी म्हणून. कडवी मी वेगवेगळी भरली होती, त्यामुळं ती प्रत्येक कडव्याआधी यायची; मुद्दाम ठेवली होती. ढोलावर कबनूरचा बाळू. एरवी यंत्रमागावर कामाला, सीझनला बँडमध्ये. त्याला ती टिकटिक गाण्यातलीच वाटली. पहिल्याच वरातीत दर कडव्याआधी सगळा बँड गप्प, आणि बाळू एकटा ढोलाच्या कडेवर टिक टिक टिक टिक. नाचणारे हात वर करून थांबलेले.

मी त्याला झापलं तर म्हणतो, "सर, लोकांनी वन्समोर दिलाय की."

पुढच्या सुपारीला पार्टीनं आधीच बजावून सांगितलं, "ते घड्याळाचं वाजवा."

* * *

गाण्याच्या शेवटी लय उतरत जावी, अशी सूचना मी हौसेनं घातली होती. खोलीत ऐकायला फार छान वाटायचं. हुपरीच्या वरातीत पोरांनी ती बरहुकूम उतरवली. घोड्याची उमर वरातीत गेलेली. लय उतरली की मांडव आला, एवढंच त्याला ठाऊक. तो भर बाजारपेठेत थांबला आणि नवऱ्याला खाली घ्यायची वाट बघत उभा राहिला. पोरांनी दुसरं गाणं धरलं, तरी हलेना. नवरा मांडवापर्यंत चालत गेला.

मास्तर हे ऐकून पोट धरून हसले. मग गुडघे चोळत "मी असतो तर थांबला नसता," म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं. ती सूचना मी काढून टाकली.

* * *

सीझनच्या शेवटी मास्तरांच्याच मुलीचं, शबानाचं लग्न निघालं. नवरा शिरोळचा. बँड अर्थातच घरचा. पाठवणीला मुलीकडची माणसं "जरा हळू वाजवा" म्हणून मागं लागतात. मास्तरांनी ते आयुष्यात कधी मानलं नव्हतं. "पावणं, लय ठरली ती ठरली," एवढंच म्हणायचे. पाठवणीच्या गाण्याची लय त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर बोटांनी वाजवून दिली होती आणि मी ती तशीच घातली होती.

मास्तर हॉलच्या दारात खुर्चीवर बसले. पोरांनी सुरू केलं आणि लय जराही हलली नाही. पुढं मास्तर नसताना पोरांनी ती पहिल्यांदाच अशी धरली होती. मास्तर मान डोलवत होते. मलाही बरं वाटलं. शबाना निघाली, मागं बँड. गल्ली काही फार लांब नाही.

ती निम्म्यावर गेली असेल. मास्तरांनी हाक मारली, "बाळू, हळू घे."

बाळू सगळ्यात मागं, दाराजवळच होता. वाजवता वाजवता वळून म्हणाला, "मास्तर, तुम्हीच ठरवलीय की लय."

"तवा माझी पोरगी चालत नव्हती."

बाळूनं हात सैल केला. त्याच्या ढोलाबरोबर सगळा बँड हळू झाला. शिरोळच्या पावण्यांची जीप गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभीच होती.