सूर सुधारणारं यंत्र

आमच्या मेहुण्यांचा कान इतका उदार, की पंख्याची घरघर ऐकूनही ते मान डोलावतील. अशा माणसाने निवृत्तीनंतर वाद्य बनवायला घ्यावं? मी तर कपाळावर हात मारला.

पण कारण खरं होतं. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, बावीस वर्षं व्हायोलिन शिकवायची. संधिवाताने बोटं आखडली आणि व्हायोलिन कपाटात गेलं. विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी कार्यक्रम ठरवला तेव्हा ती म्हणाली, "एकदाच वाजवता आलं असतं तर!"

मेहुणे मागच्या खोलीत घुसले. फळीवर चार तारा, प्रत्येकीखाली सेन्सर, टोकाला खुंटी पिळणारी छोटी मोटर. बोट घसरलं की कॉम्प्युटरने ओळखायचं आणि मोटरने सूर जागेवर आणायचा. कल्पना झकास होती, हे मीही मानलं. फक्त बरोबर सूर कोणता, ते कॉम्प्युटरला हजारो नमुने ऐकवून शिकवायचं होतं.

ताईच्या वादनाच्या कॅसेटी कपाटभर होत्या. "त्यावरून शिकवा की," मी म्हटलं.

"जुन्या कॅसेटींत खरखर असते. नमुना स्वच्छ हवा," असं म्हणून मेहुणे स्वतःच वाजवायला बसले. चार महिने, तीन हजार तुकडे, आणि प्रत्येकावर स्वतःच ऐकून 'बरोबर' अशी खूण. आपला तो बाब्या! शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, तर म्हणतात कसे, "मला शांतता मिळावी म्हणून हो. बिचारे!"

कार्यक्रमात ताई वाजवायला बसली. बोटं नीट वळत नव्हती, तरी पहिला सूर अचूक लागला. मोटर गुरगुरली आणि तो खाली ओढला गेला, थेट मेहुण्यांच्या सुरावर. दुसऱ्याचंही तेच झालं. पुढच्या रांगेतले विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. त्यांना वाटलं, बाईंचा सूर गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मेहुणे स्टेजवर धावले. "यंत्र चुकतंय, थांब, मी बघतो."

"अहो, यंत्र कुठे चुकतंय?" ताई म्हणाली. "अगदी तुमच्यासारखं आहे. माझं बरोबर असेल तेच सुधारतंय."

तिने वायर उपटली, खुंट्या हाताने जुळवल्या आणि पुन्हा सुरुवात केली. आवाज बारीक होता, म्हणून विद्यार्थी खुर्च्या पुढे ओढून बसले. दोनदा बोट घसरलं. मेहुण्यांनी सवयीने तोंड उघडलं. ताईने वाजवता वाजवता नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते गुपचूप खाली बसले.