दोन सह्यांचं रीडिंग

मीटरभाऊजींकडे गाडीचा एसी दाखवायला नेला की आधी आपल्यालाच कामाला लावायचे. मीटरच्या दोन पिना ते तारेला लावत, मान दुसरीकडे वळवत आणि म्हणत, "वाचा. मोठ्यानं." आपण आकडा वाचायचा, त्यांनी वहीत लिहायचा, खाली दोघांनी सही करायची. डॉक्टर असो की शाळेतली मॅडम, सहीशिवाय पुढचा स्क्रू निघत नसे. सुपेला बाजारातल्या त्या टिनाच्या दुकानात मीही कितीदा सह्या केल्या. आमच्या ह्यांच्या जुन्या गाडीची तर पूर्ण कुंडली त्या वहीत होती.

लोक हसत. भाऊजी म्हणत, "एकट्याचं रीडिंग कोणी मानत नाही. मले विचारा."

मला विचारायची गरज नव्हती. पद्मनाभपूर कॉलनीत आमच्या घरांची भिंतीला भिंत. दुकान टाकायच्या आधी ते एका खासगी फॅक्टरीत भट्टीचे मीटर सांभाळत. तिथं रीतच होती, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं, दोघांनी सही करायची. एक दिवस जोडीदार सुट्टीवर होता. भट्टी जास्त तापलेली दिसली, भाऊजींनी आकडा लिहिला आणि वही साहेबापुढे धरली. साहेब म्हणाला, सही नंतर करतो, भट्टी चालू ठेव. भाऊजींनी ऐकलं. आयुष्यात तेवढी एकच चूक केली माणसानं. दुपारी भट्टी फुटली, एक कामगार भाजला, आणि साहेबानं मालकाला सांगितलं की मीटरच कमी दाखवत होता, वहीतला आकडा यानं मागाहून लिहिला. पानावर सही एकाचीच. नोकरी गेली.

नोकरीचं काय, दुसरी मिळते. पण भाऊजींच्या बायकोनं, मालतीनं, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. हिच्या नवऱ्यानं माणूस भाजला, असं बायका तिच्या पाठीमागे बोलत, आणि पाठ काही बहिरी नसते. ती गेली तीही हाच डाग घेऊन. मी रोज देवापुढे हात जोडायची तेव्हा घरच्यांचं झालं की त्या साहेबासाठीही मागायची. काय मागायची ते इथं लिहीत नाही.

देवानं उशीर केला, पण ऐकलं. मे महिन्यातली दुपार, मी दुकानात बसले होते, आणि एक पांढरी मोठी गाडी येऊन थांबली. आतून साहेब उतरला, घामानं न्हालेला. पोट सुटलेलं, केस गेलेले, पण मी ओळखला. भाऊजींनी तर आवाजावरूनच ओळखला असणार, कारण हातातला पाना त्यांनी हळूच खाली ठेवला. साहेबानं मात्र ओळखलं नाही. भाऊजींची दाढी पांढरी झाली होती, आणि अशी माणसं ज्याला बुडवतात त्याचा चेहरा कुठं लक्षात ठेवतात?

साहेब सांगू लागला. एसी दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो. दोन ठिकाणी दाखवला, गॅस भरला, कॉम्प्रेसर बदलला, आता म्हणतात सेन्सर खराब.

मी भाऊजींच्या कानाशी गेले. म्हटलं, असं काही करून ठेवा की गाडी भर उन्हात जंगलात बंद पडली पाहिजे.

"गाडीनं काय केलं, वहिनी?" एवढंच म्हणाले.

त्यांनी समोरचा खण काढला, आतली थंड कॉइल उघडी केली, सेन्सर बाहेर ओढला आणि त्यालाच पिना लावल्या. "वाचा साहेब. मोठ्यानं." साहेबानं वाचलं. मग तीच तार पुढे जिथं एसीच्या कंट्रोलच्या डब्यात शिरते तिथं पिना लावल्या. आकडा खूप जास्त आला. भाऊजींनी समजावलं की आकडा वाढला म्हणजे गाडीला वाटतं कॉइलवर बर्फ धरला, म्हणून ती कॉम्प्रेसर बंद करते. मग मधला जोड उघडला. आत हिरवा गंज.

"आता सांगा, सेन्सर खोटं बोलला?"

"नाही. तो बरोबर होता. मधेच गडबड झाली."

"लिहा तसं."

साहेबानं लिहिलं, सही केली. भाऊजींनी जोड सोडवून मुठीत धरून ठेवला.

"आणखी एक रीडिंग बाकी आहे, साहेब. भट्टीचं. तुम्ही नंतर सही करतो म्हणाले होते."

साहेबानं आता कुठं भाऊजींचा चेहरा नीट पाहिला. गाडीकडे पाहिलं, तर तिचं पोट उघडं. रस्त्याकडे पाहिलं, तर नुसतं ऊन. कोणाला तरी फोन लावायला गेला, पण कुठल्या शब्दांत सांगणार होता? भाऊजी स्टुलावर बसून राहिले. मला त्यांचा राग येत होता, मी असते तर... जाऊ द्या. शेवटी साहेबानं पेन घेतलं. 'भट्टी फुटली त्या दिवशी मीटर बरोबर होता. मी सही केली नाही.' खाली नाव, सही. दुसऱ्या सहीची जागा भाऊजींनी कोरीच सोडली.

भाऊजींनी जोड घासला, नवीन पिन घातली, सगळं बसवलं. गाडी बर्फासारखी गार झाली. साहेबाला चहाही पाजला. संध्याकाळी ते पान त्यांनी मालतीच्या फोटोपुढे वाचलं. मोठ्यानं. मी भिंतीपलीकडून ऐकलं.

मागच्या वर्षी भाऊजी गेले. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली, आणि पाहुणा म्हणून कोण? तोच साहेब, मंडळाचा मोठा आश्रयदाता. उभा राहून लांबलचक बोलला. म्हणाला, असा क्षमाशील माणूस होणे नाही, आमच्यात काही गैरसमज झाले होते, पण त्यांनी मनात काही ठेवलं नाही.

मनात नव्हतंच ठेवलं. वहीत ठेवलं होतं, आणि ते गेल्यावर माझ्याकडे आलेली ती वही आज माझ्या पिशवीत होती. मी उठले. पुढच्या दोन रांगांत मालतीच्या पाठीमागे बोलणाऱ्या त्याच बायका बसल्या होत्या, आता माझ्यासारख्याच म्हाताऱ्या. पान उघडून मी त्याच्यापुढे धरलं.

"वाचा साहेब. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात वाचलं, म्हणून मी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्याच्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्याच्या सहीखाली दुसरी सही माझी केली.